मामांच्या असेंब्लरची रीत

कळंब, ८ जुलै २०२४

अक्षदा बाळा, आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नको. घरी सगळं खुशाल आहे. कामाचं लिहायचंय, आणि असलं काम फोनवर होत न्हाय. मोठा फोन तुझ्या हरणामामीकडं असतो. माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरला इंटरनेट न्हाय आणि मी लावणार बी न्हाय.

धान्यातला ओलावा मोजायची आपली मशीनं तुला ठाऊक आहेत. लहानपणी सुट्टीला यायचीस तेव्हा मशीनच्या कपात चुरमुरे टाकून आकडा बघत बसायचीस. सव्वीस वर्षांत कळंब-येरमाळा भागात शंभरेक मशीनं गेली. माणूस खळ्यावरच सोयाबीन मोजतो आणि मग मोंढ्यात विकायला नेतो. तिथं कुणी मूठभर दाणे चोळून "ओला आहे" म्हणालं, तर ह्याच्याकडं आपला आकडा असतो. मशीनचं काम एवढंच, पण त्याच्यावर माणसं विसंबून असतात.

परवा येरमाळ्याकडच्या शेतकरी गटाचे आण्णासाहेब दुकानात आलते. म्हणाले, "एकाच मशीनवर सोयाबीन, उडीद, तूर, हरभरा सगळं पाहिजे. आणि उन्हाचा, गारठ्याचा फरक मशीननं आपला आपण धरावा." दसऱ्याच्या आत झालं तर गट माझ्याकडून चाळीस मशीनं घेणार, न्हायतर बाहेरून तयार मागवणार. त्यांचं बी चूक न्हाय. पण एवढं सगळं मी हातानं असेंब्लीत लिहायला बसलो तर होळी उजाडंल.

तू कंपायलरचं काम करतीस. तू सोप्या भाषेत लिहून कंपायलरकडून असेंब्ली काढून दिलीस, तर माझं काम होईल. अट एकच. ती असेंब्ली मी स्वतः लिहिलेल्या असेंब्लरमधूनच गेली पाहिजे. दर मशीनचा कप थोडा वेगळा असतो, म्हणून दर मशीनची दुरुस्ती वेगळी. ती दुरुस्ती माझा असेंब्लर मशीनच्या नंबरावरून आपोआप घालतो. दुसरा असेंब्लर घेतला तर दर मशीन, दाणे भट्टीत वाळवून, परत तपासायची पाळी.

कंपनीच्या कामातून वेळ निघत नसंल तर तसं सरळ लिही. मला राग यायचा न्हाय.

तुझा महारुद्रमामा

*

पुणे, १२ जुलै २०२४

मामा, तुम्हाला आणि मामीला नमस्कार.

तुमचं अक्षर किती वर्षांनी बघितलं. पत्र उभ्यानंच दोनदा वाचलं. वेळेची काळजी अजिबात करू नका. सध्या मी खोलीवरूनच काम करते, त्यामुळं वेळ निघतो.

काम होईल. तुमच्या चिपचे हुकूम कंपायलरला आधीच ठाऊक आहेत. प्रश्न फक्त लिहायच्या पद्धतीचा आहे. मामीला समजावून सांगायचं तर असं: मी जे लिहीन ते माणसाला वाचता येईल असं असतं. कंपायलर त्याचे बारीक बारीक हुकूम करून कागदावर उतरवतो. ते हुकूम वाचून तुमचा असेंब्लर आकडे तयार करतो, आणि चिपला कळतात ते फक्त आकडे. आता कंपायलर जसं उतरवतो तसं तुमच्या असेंब्लरला वाचता येतं का, एवढंच बघायचं.

सोबत कंपायलरनं काढलेला एक लहानसा नमुना छापून पाठवते. त्यातलं काय काय तुमच्या असेंब्लरला चालत नाही, ते पेन्सिलीनं खुणा करून कळवा.

अक्षदा

*

कळंब, १९ जुलै २०२४

अक्षदा बाळा,

तुझा नमुना वाचला. त्यातलं जवळजवळ काहीच चालत न्हाय.

माणसासाठी टाकलेल्या शेऱ्याच्या आधी तुझा कंपायलर जाळीची खूण टाकतो. माझ्याला शेऱ्याआधी अर्धविराम लागतो, जाळी दिसली की तो तिथंच बसकण मारतो. नाव टिंबानं सुरू झालेलं चालत न्हाय, खालच्या रेघेनं बी न्हाय. मधी रेघ आली तर चालंल. हेक्स, म्हणजे सोळाच्या हिशोबानं लिहिलेल्या, आकड्याच्या पुढं शून्य-एक्स लावतीस तू, मला शेवटी एच पाहिजे. आणि तो आकडा ए ते एफ मधल्या अक्षरानं सुरू होत असंल तर आधी एक शून्य, न्हायतर त्याला ते कुणाचं तरी नाव वाटतं. तक्त्यातले आकडे ज्या ओळीत येतात तिच्या आधी नुसतं डीबी.

प्रोग्रॅमच्या शेवटी "संपलं" असं रोमन अक्षरांत लिहायचं. सगळं जग एंड लिहितं हे मला मालूम आहे. पण तेव्हा मी पस्तिशीत होतो आणि मला गंमत वाटली. चूक झाली की द्यायचा निरोप बी एकच ठेवलाय, "कुठंतरी चुकलंय". कितव्या ओळीत ते येत न्हाय. तेवढी जागा नव्हती.

महारुद्रमामा

ता.क. अक्षे, म्या हरणामामी. तू लिवलेलं समदं मला समजलं, यान्ला समजावून सांगाया लागलं न्हाय. खोलीवर जेवती का नीट? मुरुमला आईकडं कवा जानार हैस?

*

पुणे, २९ जुलै २०२४

मामा,

झालं. कंपायलरमध्ये एक फाईल असते. आपलं लिहिणं पुढं कुणाच्या हातात पडणार आहे आणि त्याला कसं लिहिलेलं लागतं, हे त्याला त्या फाईलीत सांगायचं असतं. शेऱ्याला अर्धविराम, हेक्सच्या शेवटी एच, ए ते एफ असेल तर आधी शून्य, डीबी, सगळं सांगितलं. स्वतःच्या सोयीसाठी तो जी नावं पाडतो ती टिंबानं सुरू व्हायची, आता एम आणि आर या अक्षरांनी सुरू होतात. महारुद्रचे एम आणि आर. शेवटच्या ओळीत तो "संपलं" लिहितो. पहिल्यांदा ते पडद्यावर बघितलं तेव्हा मी एकटीच हसत बसले होते.

मग मशीनचा प्रोग्रॅम लिहिला. सोयाबीन, उडीद, तूर, हरभरा, प्रत्येकाचा वेगळा तक्ता, तुम्ही पत्रासोबत दिलेल्या आकड्यांवरून. तापमानाचा फरकही धरलाय. माप घेऊन झालं की आधीसारखाच बझर वाजेल. पेन ड्राइव्ह पाकिटात आहे, आणि तुम्हाला आवडतं म्हणून सगळं छापूनही पाठवलंय. सत्तर पानं आहेत.

मामीला सांगा, जेवते. मुरुमला दिवाळीत जाईन.

अक्षदा

*

कळंब, ६ ऑगस्ट २०२४

अक्षदा बाळा,

"कुठंतरी चुकलंय."

सत्तर पानं आणि एवढाच निरोप. दोन दिवस मी पेन्सिल घेऊन बसलो. स्वतःलाच शिव्या दिल्या, कारण निरोप माझाच होता. शेवटी एकोणचाळिसाव्या पानावर घावलं. तुझ्या कंपायलरनं डीबीच्या एका ओळीत बारा आकडे घातलेत. माझा असेंब्लर एका ओळीत आठाच्या वर घेत न्हाय. हे मी तुला लिहायला विसरलो. चूक माझी.

ओळी हातानं तोडल्या तसा प्रोग्रॅम गेला आतमधी. गेल्या साली ठेवलेलं सोयाबीन कपात टाकलं. आकडा बरोबर. भट्टीत वाळवून ताडून बघितलं, तरी बरोबर. मामीनं गूळ हातावर ठेवला.

एक राहिलंय. बझर वाजत न्हाय. तुझ्या प्रोग्रॅमात ते काम सुटलं असंल तर बघ.

महारुद्रमामा

*

पुणे, १० ऑगस्ट २०२४

मामा,

आता एका ओळीत आठच आकडे येतील, कंपायलरला तसं सांगितलं. नवी प्रत सोबत आहे.

बझरचे हुकूम तीनदा तपासले. जिथं पाहिजेत तिथंच आहेत. त्याची वायर सुटली आहे का बघा, नाहीतर बझरच खराब असेल.

अक्षदा

*

कळंब, २५ ऑगस्ट २०२४

अक्षदा बाळा,

दहा मशीनं तयार करून आण्णासाहेबांच्या हवाली केली. उडदाची काढणी तोंडावर आहे, म्हणाले वापरून बघतो आणि मग बाकीच्या तिसाचं ठरवतो. एकेक मशीन हातात घेऊन ते आकडा बघत होते. शेवटी म्हणाले, "हे तुमच्या भाचीनं पुण्यात बसून केलं?" मी म्हणालो, "व्हय. आणि माझ्या असेंब्लरनं इथं बसून केलं." दोघांची नावं घेतली.

बझर दोनदा बदलला. तरी वाजत न्हाय. जाऊ दे, आकडा दिसतोय तेवढं पुरं. तू एवढं काम केलंस, वर कंपनीचं काम. तुझा साहेब काही बोलला तर मामासाठी केलं म्हणून सांग.

महारुद्रमामा

*

कळंब, ५ सप्टेंबर २०२४

अक्षदा,

आज सकाळी येरमाळ्याजवळच्या वस्तीवरच्या धुरपदाबाई दुकानात आल्या. पासष्टीच्या आहेत, तीन एकर उडीद त्यांचा. पदरात पाव किलो दाणे बांधून, बस धरून आल्या. बाई मोठ्यांदा बोलतात म्हणून बरं, एक शब्द चुकला न्हाय.

"दादा, तुमचं मशीन म्हनतंय वाळलंय. माझा दात म्हनतोय न्हाय."

मी म्हणालो, "बाई, दात काय आकडा सांगतोय?"

"आकडा राहू द्या. पोतं भरू का नको, तेवढं सांगा."

मला राग आला होता. सव्वीस वर्षांत मशीन खोटं म्हणून कुणी दारात आलं न्हाय. त्यांच्यासमोर कपात दाणे टाकले. आकडा आला साडेदहा. मी मशीन त्यांच्याकडं फिरवलं. त्यांनी एक दाणा माझ्या हातावर ठेवला, म्हणाल्या, "चावा." चावला. दाणा फुटला न्हाय, दाबला गेला. मग मी शंभर ग्रॅम भट्टीत ठेवले. बाई तोवर बाकड्यावर बसून राहिल्या, उठल्या न्हायत. बाहेर काढून तोललं तर पंच्याऐंशी भरले. म्हणजे पंधरा टक्के ओलावा, आणि मशीन सांगतंय साडेदहा.

असा उडीद पोत्यात भरला तर आठ दिवसांत आत गरम होतो, बुरशी धरतो. दहा मशीनं लोकांच्या हातात आहेत. उडदाची पोती भरू नका असा निरोप बाईंजवळ धाडलाय. माझ्या हातानं लिहिलेल्या प्रोग्रॅमात असं कधी झालं न्हाय. तुझ्या कंपायलरनं कुठंतरी गडबड केलीय. ताबडतोब बघ.

महारुद्र

*

पुणे, ९ सप्टेंबर २०२४

मामा,

पत्र मिळाल्यापासून दुसरं काही केलं नाही. उडदाच्या तक्त्यातला एकेक आकडा तुमच्या कागदाशी ताडला. कंपायलरनं काढलेली असेंब्ली ओळ न ओळ वाचली. उडीद निवडला की उडदाचा तक्ता घ्यायचा, असंच तिथं लिहिलंय. माझ्याकडं सगळं बरोबर आहे.

मशीनच्या दुरुस्तीचा आकडा भलत्याच मशीनला गेला असेल का? वयानं नजर चुकते कधीकधी. रागावू नका, पण बझरचंही तसंच झालं. मी तीन वेळा तपासला, तो चुकलेला नाही.

अक्षदा

*

कळंब, १३ सप्टेंबर २०२४

अक्षे,

म्या हरणामामी. हे पत्र यान्ला ठावं न्हाय, म्याच पोस्टात टाकनार हाय.

तुझं पत्र वाचून हे चार घास बी जेवले न्हायत. तू वयाचं लिवलंस ते लागलं. पर तुला एक सांगाया पायजे. बझर वाजतोय. लई जोरात वाजतोय. शेजारचा चप्पलवाला म्हनला, मामी, दिसभर कसली पिपाणी वाजवताव? यान्लाच ऐकू येत न्हाय. चार साल झाली, हळूहळू कान गेले. फोनवर बोलत न्हाईत ते त्याच्यामुळंच. कुनाला सांगू देत न्हाईत. दुकानात गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघून बोलनं वळखतात.

आनिक एक इचारते, खरं सांग. तुझ्या पाकिटावर शिक्का कामाच्या दिसाचा, शुक्रवारचा, सोमवारचा. सत्तर पानं तू धा दिसांत लिवलीस. कंपनीत काम करनारी पोर येवढा येळ कुठून आनती? म्या शाळा सातवीपातूर शिकले, पर इतकं कळतं. काय झालं असंल ते झालं असंल. मामीला लिव.

हरणामामी

*

कळंब, १६ सप्टेंबर २०२४

अक्षदा बाळा,

आधी हे वाच: चूक तुझी न्हाय, तुझ्या कंपायलरची न्हाय. चूक माझ्या असेंब्लरची आहे, म्हणजे माझीच.

काल मी त्याच्याकडून सगळ्या नावांची यादी छापून घेतली. चार धान्यांची चार नावं पाहिजे होती. एकच निघालं. तू नावं ठेवलीस तक्ता, मग खालची रेघ, मग सोया. तक्ता, खालची रेघ, उडीद. रोमन अक्षरांत तक्ता आणि ती रेघ मिळून सहा अक्षरं होतात. माझा असेंब्लर नावाची पहिली सहाच अक्षरं वाचतो, पुढची सोडून देतो. मी स्वतः कधी सहाच्या वर नाव ठेवलं न्हाय, म्हणून तुला सांगायचं डोक्यातच आलं न्हाय. त्याच्या लेखी चारी तक्त्यांचं नाव एकच.

आणि एकच नाव परत आलं तर पहिलं धरायचं, मागचं गुपचूप सोडायचं, हा बी नियम मीच केलेला. मशीनची दुरुस्ती प्रोग्रॅमच्या वर चिकटवली की तीच चालावी म्हणून केला होता. सोयाबीनचा तक्ता पहिला, म्हणून सोयाबीन बरोबर आलं आणि उडीद सोयाबीनच्या तक्त्यावर मोजला गेला. निरोप द्यायचा तिथं माझा असेंब्लर गप्प बसला.

आज पहिल्या बसनं येरमाळ्याला गेलो. धुरपदाबाईंना म्हणालो, "दात खरा, मशीन खोटं. आणि खोटं माझ्यामुळं." त्या म्हणाल्या, "मग च्या घ्या." मग त्यांनीच कुणाकुणाकडं मशीनं आहेत ते सांगितलं आणि माझ्यासंगं घरोघर आल्या. दोघांपर्यंत निरोप पोचला नव्हता, त्यांनी पोती भरून ठेवली होती. आम्ही पुढं उभं राहून ती सोडवली, उडीद उन्हात पसरला. हात घातला तर आतून कोमट लागत होता. आणखी चार दिवस गेले असते तर गेला असता. एक पायली बी खराब झाली न्हाय.

आण्णासाहेबांनाबी जाऊन सांगितलं. ऐकून घेतलं, म्हणाले, दसरा बारा ऑक्टोबरला आहे.

तू आता नावं आखूड करायच्या मागं लागू नको. तुझ्या कंपायलरला मी जाळी सोडायला लावली, टिंब सोडायला लावलं, शेवटी संपलं म्हणायला लावलं. आता माझ्यानं थोडं हलावं. सव्वीस वर्षांनी मी असेंब्लर उघडून बसलोय. नाव तीस अक्षरांपर्यंत घेईल असा करतो. आणि दुरुस्ती सोडून दुसरं कुठलं नाव परत आलं तर तो कितव्या ओळीत आलं ते सांगंल.

रागात लिहिलं ते मनातून काढून टाक.

महारुद्रमामा

*

पुणे, २० सप्टेंबर २०२४

मामा,

तुमचं पत्र आणि मामीचं पत्र एकापाठोपाठ मिळालं. मामीनं तुम्हाला न सांगता लिहिलं होतं, तिला बोलू नका.

मीही तुम्हाला खोटं लिहिलं. माझी नोकरी जूनमध्येच गेली. आमचा पूर्ण गट कंपनीनं बंद केला, अकरा जण. आईला सांगायचा धीर झाला नाही, कारण मुरुमच्या बाजारात ती प्रत्येकाला सांगत असते की माझी मुलगी कंपायलरचं काम करते. कंपायलर म्हणजे काय ते तिला ठाऊक नाही, पण शब्द बरोबर उच्चारते. तुमचं पहिलं पत्र आलं त्या दिवशी मला सातवा नकार आला होता. "वेळ निघतो" असं मी लिहिलं, खरं तर माझ्याकडं वेळेशिवाय काहीच नव्हतं. दोन महिने सकाळी उठून बसायला कारण होतं ते तुमच्या असेंब्लरचं.

वयाबद्दल लिहिलं त्याची लाज वाटते. तुमची नजर माझ्यापेक्षा बरी निघाली. पण कानांचं काय? मामा, एक सौदा करू. मी आज आईला फोन करून सगळं सांगते. तुम्ही लातूरला जाऊन कान तपासून घ्या. दोघांनी एकाच आठवड्यात.

तुमच्या नव्या असेंब्लरसाठी नावं लांबच ठेवली आहेत. बघू तुमचा शब्द खरा होतो का.

अक्षदा

*

कळंब, १४ ऑक्टोबर २०२४

अक्षदा बाळा,

आधी दसऱ्याचं. येरमाळ्याला गटाच्या शेडात सगळी मशीनं मांडली, जुनी दहा दुरुस्त केलेली आणि नवी तीस. आण्णासाहेबांनी भाषणाला उभं केलं. मला भाषण येत न्हाय. मी एवढंच सांगितलं की उडदाला काय झालं होतं, का झालं होतं, आणि आता काय केलंय. बसलेली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मला वाटलं, मशीनं घरी न्यावी लागतात.

तेवढ्यात धुरपदाबाई उठल्या. घरून चार पुरचुंड्या घेऊन आलत्या. पहिला दाणा चावायच्या, म्हणायच्या "वाळलाय" न्हायतर "ओला हाय", आणि मग मशीनवर टाकायला सांगायच्या. सोयाबीन, उडीद, तूर, हरभरा. चारी वेळा मशीन त्यांच्या दाताशी जुळलं. हरभऱ्याला त्या जरा थांबल्या, परत चावला, म्हणाल्या, "मधला हाय." आकडा बी मधलाच आला. शेडात हसू उसळलं. आण्णासाहेब म्हणाले, चाळीसच्या चाळीस ठेवून जा.

तुझी लांब नावं माझ्या असेंब्लरनं सगळी घेतली. तुझं एक नाव सत्तावीस अक्षरांचं आहे. एवढं लांब नाव माणसाचं बी ठेवत न्हायत.

आता सौद्याचं. तुझ्या आईनं मला दोन पानी पत्र लिहिलं. म्हणते, पोर चार महिने एकटी सोसत बसली आणि मी बाजारात मिरवत होते. तुझ्यावर रागावली न्हाय, स्वतःवर रागावलीय. तिला सांग, मिरवायचं सोडू नको.

मी लातूरला जाऊन आलो. डॉक्टरनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. एक हुशार मुलगी बाहेरून बटणं दाबत होती. आवाज आला की बोट वर करायचं. लई वेळ माझं बोट खालीच होतं. त्या खोलीत बसून पहिल्यांदा पटलं की बझर वाजत होता. कानाच्या यंत्राला माप दिलंय, दहाएक दिवसांनी बोलावलंय.

महारुद्रमामा

*

पुणे, २१ ऑक्टोबर २०२४

मामा, मामी,

ही बातमी दोघांनी मिळून वाचा. मला नोकरी लागली. इथंच पुण्यात, लहान कंपनी आहे, कारखान्यांतल्या यंत्रांसाठी चिपा बनवते. मुलाखतीत त्यांनी विचारलं, "तुमच्या हातून झालेली एखादी मोठी चूक सांगा." मी धुरपदाबाईंची गोष्ट सांगितली. सहा अक्षरांपाशी आले तेव्हा समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "म्हणजे सगळे तपासत होते आणि दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं." मी म्हणाले, हो, आणि चूक कुठं राहते ते मला त्या दिवशी कळलं. मग त्यांनी विचारलं, असेंब्लर कुणी लिहिलाय? मी सांगितलं, माझ्या मामांनी, कळंबला, दुकानात बसून. त्या म्हणाल्या, त्यांची एकदा भेट घालून द्या.

कामावर एक नोव्हेंबरऐवजी दिवाळी झाल्यावर या, असं तेच म्हणाले. म्हणून मुरुमला आधी आणि भाऊबीज झाली की कळंबला चार दिवस. यंत्र मिळालं की लगेच कळवा, मी फोन करणार आहे. तुमचा आवाज ऐकून किती दिवस झाले.

अक्षदा

*

कळंब, २५ ऑक्टोबर २०२४

अक्षदा बाळा,

तुझं पत्र मामीनं मोठ्यानं वाचलं आणि मी तिच्या तोंडाकडं बघून ऐकलं. दोघं बी लई खूश झालो. त्या बाईंना सांग, दुकान रविवारी बंद असतं, बाकी कधीबी या.

यंत्र काल मिळालं. दोन्ही कानात बसतं, आणि डोक्याला रुमाल गुंडाळला की दिसत न्हाय. लातूरच्या रस्त्यावर आवाज एवढा आला की मी यंत्रवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर बसूनच राहिलो. बसचा, विकणाऱ्यांचा, माणसांच्या बोलण्याचा. येताना बसमधी मागच्या दोघी जणी सुनेबद्दल काय बोलत होत्या ते सगळं ऐकलं.

घरी आलो तर पुढं कुणी नव्हतं. मागच्या अंगणातून आवाज येत होता. हरणा उडीद पाखडत बसली होती आणि गात होती. बाळा, मला वाटत होतं, चार वर्षांत ती गप झाली. वय झालं, पोरं लांब गेली, बोलायला उरलं न्हाय, असं मी धरून चाललो होतो. मी दारामागं उभा राहिलो. गाणं तिनं स्वतःच जुळवलेलं होतं, आणि होतं माझ्यावर.

"मशीनवाल्या धन्याला बाई दाण्याचा ओलावा कळं,
हाका मारून घसा सुकला, मान बी न्हाय वळं."

पुढं माझ्या जेवणाबद्दल एक कडवं झालं, मग माझ्या चपला कुठं कुठं पडलेल्या असतात त्याच्यावर एक. सूप थांबलं की गाणं थांबायचं, सूप चाललं की परत सुरू. चार वर्षं माझ्या पाठीमागं, माझ्याच घरात हे रोज चाललं असणार. मी गेलो तिच्यासमोर, तर तिनं नुसतं हातानं खुणावलं, "चहा?" मी मान हलवली. ती चहा टाकायला वळली आणि परत गायला लागली, तसंच, माझ्यादेखत.

यंत्र मिळालं असं मी तिला अजून सांगितलं न्हाय. आणखी आठ दिवसांनी बोलावलंय असं सांगितलंय. आज सकाळी तुळशीला पाणी घालताना तिचं माझ्या दुकानातल्या भट्टीबद्दल एक नवीन कडवं झालं. ते तर लई झोंबरं होतं. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो, न्हायतर हसू दिसलं असतं.

म्हणून तुला एवढंच सांगायचंय. इतक्यात फोन करू नको. घंटी वाजली आणि मी उचलला, की तिला कळंल आणि ती लाजून गप बसंल. तू येशील तेव्हा आपण तिला सांगू. तोवर मला ऐकू दे. गाण्यात आता ती तुझ्या आजोबांनी आमचं लग्न कसं ठरवलं तिथवर आलीय, आणि मी तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा काय म्हणालो होतो, ते मला आठवत न्हाय. तिला आठवत असणार.

महारुद्रमामा